जेली थरथरावी, वाहू नये: घरी जेली आणि ट्रायफल पहिल्यांदा करताना

जेलीत काय करायचंय, पाकीट फोडलं की झाली, असं मला कोणीतरी सांगितलं होतं. त्या भरवशावर मी पहिलंच ट्रायफल थेट पाहुण्यांसाठी करायला घेतलं. खाली केक, त्यावर ताज्या अननसाचे तुकडे, वर लाल जेली, तिच्यावर गॅसवरून नुकतंच उतरवलेलं कस्टर्ड. चार थर रात्री काचेच्या भांड्यात मोठ्या हौसेने रचले आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर आत एकच थर, रंग गढूळ गुलाबी, आणि केकचे तुकडे त्यात होड्यांसारखे तरंगतायत. पाहुण्यांना ते पेल्यातून दिलं.

त्यात दोन चुका होत्या, त्या पुढे येतीलच. नंतर बरीच जेली केली तेव्हा कळलं की पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, ती म्हणजे अर्धी जमलेली जेली ओळखणं. थर, मधोमध अडकलेली फळं, फेसाळ जेली, ट्रायफल, सगळं त्या एका अवस्थेवर अवलंबून असतं.

आधी ठरवा, घट्ट कशाने करायची

पर्याय मुख्यतः तीन आहेत: जिलेटीन, अगर-अगर आणि तयार पाकीट.

जिलेटीन जनावरांच्या कातड्यातल्या आणि हाडांतल्या कोलॅजेनपासून करतात, म्हणून शाकाहारी लोकांना ते चालत नाही. मात्र तोंडात विरघळणारी जेली हवी असेल तर त्याला तोड नाही. साधारण 35 अंशांच्या आसपास ते वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच. त्यामुळे जिभेवर ठेवताच ती जेली पाणी होऊ लागते.

अगर-अगर, म्हणजेच चायना ग्रास, समुद्रातल्या लाल शेवाळापासून मिळतं. ते विरघळवायला चांगली उकळी लागते, पण कोमट झालं की, 40 अंशांच्या खाली, फ्रीजशिवायही घट्ट होतं. एकदा घट्ट झालं की 85 अंशांपर्यंत हलत नाही. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. याच गुणाने 1881 मध्ये प्रयोगशाळाही गाठली. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे वाल्थर हेसे जंतू वाढवण्यासाठी जिलेटीन वापरत आणि उन्हाळ्यात ते वितळून जाई. त्यांची पत्नी फॅनी घरी जेली करताना अगर वापरत असे. तिने ते सुचवलं, आणि आजही जंतूंची वाढ अगरवरच करतात. फरक एवढाच की अगरची जेली चावावी लागते, विरघळत नाही. काहींना ती कुरकुरीत मोड आवडते, मला थरांच्या जेलीत आवडते आणि ट्रायफलमध्ये नाही.

तयार पाकिटात साखर, रंग, स्वाद आणि घट्ट करणारा पदार्थ एकत्र असतो. काहींत जिलेटीन असतं, शाकाहारी पाकिटांत बहुधा कॅरॅजीनन, तेही लाल शेवाळातलंच. मागची बाजू वाचून घ्या, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. पहिल्या वेळी पाकीटच घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

साधी जेली, पण नीट

पाकिटाची जेली बिघडते ती बहुतेक वेळा विरघळवतानाच. जिलेटीनचं पाकीट असेल तर सांगितलेल्या पाण्यापैकी अर्धं उकळतं घ्या, त्यात भुकटी घालून पूर्ण दोन मिनिटं ढवळा आणि मगच उरलेलं गार पाणी ओता. दोन मिनिटं वाटतात त्यापेक्षा लांब असतात. घड्याळ लावा. चमच्याने थोडी उचलून उजेडात बघा, कण दिसले तर अजून ढवळा. हे कण राहिले की भांड्याच्या तळाशी रबरासारखा जाड थर आणि वर पातळ पाणी अशी जेली मिळते. शाकाहारी पाकीट असेल तर ते बहुतेकदा पाण्यासकट उकळावं लागतं, तिथे त्याच्यावरची कृतीच पाळा.

फळांच्या रसाची जेली जिलेटीन वापरून करायची तर 500 मिली रसाला 7 ते 8 ग्रॅम भुकटी पुरते, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. ही कपातच खायची मऊ जेली झाली. साच्यातून काढून ताटलीत उभी करायची असेल तर 10 ते 12 ग्रॅम घ्या.

1. पाव कप गार रस एका पसरट वाटीत घ्या. भुकटी त्याच्यावर भुरभुरवा. उलटं करू नका. भुकटीवर रस ओतला की बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत फुटत नाहीत.
2. पाच ते दहा मिनिटं हात लावू नका. भुकटी फुगून ओल्या वाळूसारखी दिसली पाहिजे.
3. उरलेल्यापैकी अर्धा रस साखर घालून गरम करा, वाफा येऊ लागल्या की गॅस बंद. उकळत ठेवू नका, जिलेटीन खूप वेळ उकळलं तर त्याची पकड कमी होते.
4. फुगलेलं जिलेटीन त्यात घालून ढवळा. दोन बोटांत थेंब चोळून बघा. खरखर लागली नाही की उरलेला गार रस मिसळा आणि गाळून घ्या.

गोडीचं एक लक्षात ठेवा. गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणून कोमट असताना चव थोडी जास्तच गोड वाटली पाहिजे.

अगरची रीत वेगळी. 500 मिली पाण्याला सुमारे 4 ग्रॅम भुकटी, म्हणजे सपाट दोन चमचे. मऊ हवी तर 3 ग्रॅम. भुकटी गार पाण्यातच घालून ढवळा, मग आचेवर ठेवा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं शिजू द्या. आंबट रस अगरसोबत उकळू नका, आंबटपणा आणि उष्णता दोन्ही एकत्र आले की त्याची ताकद जाते. म्हणून अगर थोड्या पाण्यात शिजवा, रस वेगळा कोमट करा आणि शेवटी एकत्र करा, एकूण मिळून 500 मिली. रस फ्रीजमधला गार असेल तर मिसळतानाच अगरच्या दोऱ्या तयार होतात.

अगरच्या प्रत्येक पाकिटाची ताकद सारखी नसते, म्हणून ओतण्याआधी एक चमचा मिश्रण गार ताटलीवर टाका. दोन-तीन मिनिटांत ते घट्ट होतं. बोटाने ढकलून बघा. फार कडक वाटलं तर गरम पाणी वाढवा, पातळ वाटलं तर आणखी थोडी भुकटी गार पाण्यात कालवून परत उकळा. जिलेटीनमध्ये ही चैन नाही, तिथे तासभर वाट बघावी लागते.

ताजा अननस का चालत नाही

ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते प्रथिनांचे तुकडे करतं आणि जिलेटीन म्हणजे निव्वळ प्रथिन. माझ्या भांड्यात रात्रभर हेच चाललं होतं. पपई, किवी, ताजं अंजीर आणि कच्चं आलं यांच्यातही अशीच विकरं आहेत. कितीही वेळ फ्रीजमध्ये ठेवा, जेली जमत नाही. उष्णतेने हे विकर निकामी होतं, म्हणून डब्यातला अननस बिनधास्त चालतो आणि ताजा वापरायचाच असेल तर पाच-सात मिनिटं शिजवून, गार करून घाला. अगर आणि कॅरॅजीनन प्रथिनं नाहीत, तिथे या फळांचं काही चालत नाही. पण ट्रायफलमध्ये दूधही असतं, आणि ताजा अननस किंवा किवी दुधासायीला लागून तासन्‌तास राहिले की कडवट चव येते. ही फळं वाढताना वरून घाला.

स्ट्रॉबेरी, द्राक्षं, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, सफरचंद, डाळिंबाचे दाणे निर्धास्तपणे घ्या. फळं धुतल्यावर कोरडी करा. दोन वाट्या ओल्या फळांबरोबर किती पाणी जेलीत जातं ते एकदा मोजलं की परत विसरणार नाही.

अर्धी जमलेली जेली

जेली फ्रीजमध्ये ठेवून अर्ध्या तासाने चमचा बुडवा. तो स्वच्छ निघतो, पाठीवरून पाण्यासारखे थेंब टपकतात. दहा मिनिटांनी परत बघा. आता थेंब पडत नाहीत, एक ओघळ येतो आणि मधेच अडखळतो. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर ती क्षणभर तशीच राहते आणि मग हळूहळू भरून येते. भांडं तिरकं केलं तर आतली जेली एकदम न धावता जाड पांघरुणासारखी सरकते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाहिला असेल तर अगदी तसं. ही ती अवस्था, आणि ती दहा-पंधरा मिनिटंच टिकते. म्हणून तेवढ्या वेळात फोन घेऊ नका.

घाई असेल तर पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून रबरी उलथन्याने सावकाश ढवळत राहा, काम तासाऐवजी पंधरा-वीस मिनिटांत होतं. कडेने गाठी धरू लागल्या तर पातेलं दहा सेकंद कोमट पाण्यात धरा, परत सैल होईल.

आता या अवस्थेत काय काय करता येतं ते बघा.

फळं मधोमध हवी असतील तर ती आत्ता घालायची. पातळ जेलीत द्राक्षं बुडतात आणि सफरचंदाच्या फोडी वर येतात. आता घातली तर जिथे ठेवाल तिथेच राहतात.

फेसाळ जेली हवी असेल तर हीच जेली हातमिक्सरने चार-पाच मिनिटं फेटा. रंग फिका होतो आणि आकार जवळपास दुप्पट. लगेच पेल्यांत ओता, कारण ती बघता बघता जमते. साध्या जेलीवर फेसाळ जेलीचा थर दिला की एकाच पाकिटात दोन रंग मिळतात. माझी भाची याला जेलीचा साबण म्हणते आणि वरचा फेसच आधी संपवते.

थर आणि इतर गमती

थरांची जेली करताना प्रत्येक पाकिटात सांगितल्यापेक्षा पाव हिस्सा पाणी कमी घाला, थर ठाम उभे राहतात. पहिला थर ओतून फ्रीजमध्ये ठेवा. दुसरा कधी ओतायचा ते बोट सांगेल: वर हलकेच टेकवलं की चिकटलं पाहिजे, पण आत रुतता कामा नये. फार ओला असेल तर रंग मिसळतात. फार घट्ट झाला असेल तर वरचा थर त्याला धरतच नाही आणि कापताना दोन्ही वेगळे सरकतात. तसं झालंच तर काट्याने पृष्ठभागावर हलके ओरखडे काढा आणि ब्रशने थोडं कोमट पाणी फिरवा. नवा थर नेहमी गार करून, चमच्याच्या पाठीवरून सोडा. सरळ धार लावली तर खालच्या थरात खड्डा पडतो.

अगरच्या थरांना मात्र गरमच ओतावं लागतं आणि पटकन, खालच्या थरावर नुकती साय धरली असतानाच. इथे थांबलात की सांधा सुटलाच म्हणून समजा.

तिरप्या थरांसाठी पेले मफिनच्या साच्यात किंवा अंड्यांच्या ट्रेमध्ये कलते टेकवून ठेवा. फ्रीजमधला कप्पा त्या उंचीचा आहे ना ते आधी रिकाम्या पेल्याने बघून घ्या.

मुलांना सगळ्यात आवडते ती संत्र्याच्या सालीतली जेली. संत्रं अर्धं कापा, रस पिळून घ्या, चमच्याने आतला पांढरा पडदा खरवडून सालीची वाटी मोकळी करा. वाट्या मफिनच्या साच्यात बसवून काठोकाठ घट्टसर जेली भरा. पूर्ण जमल्यावर धारदार, ओल्या सुरीने प्रत्येक वाटीचे तीन काप करा. साल ही त्याची बशी.

रंगीत काचांची जेली दिसायला कठीण, करायला सोपी. दोन-तीन रंगांची घट्ट जेली करून तिचे चौकोनी तुकडे पाडा. मग दुधात जिलेटीन आणि साखर घालून पांढरी जेली करा, ती पूर्ण गार झाली की तुकड्यांवर ओता. गरम ओतलीत तर तुकडे वितळून सगळं जांभळट होतं.

साच्यातून काढताना जिलेटीनचा साचा गरम पाण्यात पाच ते दहा सेकंदच धरा, काठाने बोट फिरवून कडा सोडवा. ताटली आधी ओली करा, म्हणजे जेली वाकडी पडली तरी मधोमध सरकवता येते. अगरला गरम पाणी लागत नाही, कडेने हवा आत शिरली की ती आपणहून सुटते.

लहान मुलांना देताना तुकडे बारीक करा आणि जवळ बसा. अगरचे आणि विशेषतः कोंजॅकचे (एका कंदापासून मिळणाऱ्या, जेली घट्ट करणाऱ्या पदार्थाचे) तुकडे तोंडात विरघळत नाहीत, घशात अडकू शकतात. कोंजॅकच्या, एका घासात ओढायच्या छोट्या जेली लहानांना देऊच नका.

ट्रायफल

हा पदार्थ मूळचा इंग्लंडचा आणि त्याच्या नावाचा अर्थ क्षुल्लक गोष्ट. सोळाव्या शतकात तो म्हणजे नुसती आलं, साखर आणि गुलाबपाणी घातलेली दाट साय होती. केक, कस्टर्ड, जेली मागाहून आले. आता आठ-दहा जणांसाठी अडीच लिटरचं सरळ काठांचं काचेचं भांडं घ्या. लागतं ते एवढं: 250 ग्रॅम स्पंज केक, 500 मिली जेली, 400 ग्रॅम फळं, 500 मिली दुधाचं कस्टर्ड आणि 300 मिली व्हिपिंग क्रीम.

कस्टर्ड सगळ्यात आधी करा, कारण त्याला गार व्हायला वेळ लागतो. तीन सपाट मोठे चमचे कस्टर्ड पावडर थोड्या गार दुधात कालवा. उरलेलं दूध चार मोठे चमचे साखर घालून उकळा, पावडर कालवलेलं दूध परत एकदा ढवळून त्यात ओता आणि मंद आचेवर दोन मिनिटं घोटा. कमी शिजलं तर पिठूळ लागतं. लगेच प्लॅस्टिकची फिल्म थेट कस्टर्डच्या पृष्ठभागाला चिकटवून झाका, साय धरत नाही. ही पावडर आपल्याला मिळाली ती बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांच्यामुळे. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे, म्हणून 1837 मध्ये त्यांनी कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड केलं.

केक आदल्या दिवशीचा, जरा कोरडा पडलेला चांगला. बोटभर जाडीचे तुकडे तळाशी दाटीवाटीने बसवा आणि त्यांच्यावर चार-पाच चमचे रस शिंपडा. भिजवायचा आहे, बुडवायचा नाही. स्ट्रॉबेरीचे काप काचेला आतून चिकटवून उभे करा, कापलेली बाजू बाहेर. बाकीची फळं मधे टाका. केळं घालणार असाल तर लिंबाच्या रसात घोळवून घाला, नाहीतर ते काळं पडतं.

आता ती अर्धी जमलेली जेली. पातळ ओतली तर केक सगळी पिऊन टाकतो आणि वर तरंगतो, माझ्या होड्या आठवा. चमच्याने कडेपासून सुरुवात करून आत या. मग दोन-तीन तास फ्रीज. भांडं हलवल्यावर वरचा भाग थरथरला पण सरकला नाही की कस्टर्ड ओता, आणि ते हाताला पूर्ण गार लागल्यावरच. माझी दुसरी चूक हीच होती, 35 अंशांना वितळणाऱ्या जेलीवर मी वाफाळतं कस्टर्ड घातलं होतं. गार होऊन ते फारच घट्ट बसलं असेल तर दोन चमचे दूध घालून फेटून घ्या. आणखी तासभर फ्रीज.

क्रीमचं पाकीट बघून घ्या, स्निग्धांश 30 टक्क्यांच्या वर हवा. कमी असेल तर अर्धा तास फेटूनही ते पातळच राहतं. क्रीम, भांडं, पाती, सगळं फ्रीजमधून गार करून घ्या आणि टोक हलकेच वळेल इतपतच फेटा. रवाळ दिसू लागलं म्हणजे तुम्ही लोण्याच्या वाटेला लागलात. हा थर वाढण्याच्या तासभर आधीच द्या. सुका मेवा, बिस्किटाचा चुरा असं कुरकुरीत काही असेल ते अगदी शेवटी, नाहीतर सकाळपर्यंत मऊ पडतं. काचेवर आतून लागलेले डाग प्रत्येक थरानंतर ओल्या कागदी रुमालाने पुसा. मला याचा कंटाळा येतो, पण फोटोत पहिले तेच दिसतात.

जेली अजिबात जमली नाही आणि दोषी फळ नसेल, तर ती थरात जाण्याआधी वाचवता येते. कोमट करा, पाव कप गार पाण्यात 3 ग्रॅम जिलेटीन फुगवून त्यात विरघळवा आणि परत फ्रीजला लावा. ट्रायफलमध्ये गेल्यावर मात्र उपाय नाही, पेले काढा.

वाढताना लांब दांड्याचा चमचा तळापर्यंत उभा घालून वर उचला, म्हणजे प्रत्येकाला केकपासून क्रीमपर्यंत सगळं मिळतं. पहिल्या वाढणीत भांड्याची शोभा जाते, ती जाऊ द्या. उरलेलं झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं असेल तर ठेवू नका. फ्रीझरमध्येही टाकू नका, बर्फाचे कण जेलीची जाळी फोडतात आणि बाहेर काढल्यावर भांड्यात नुसतं पाणी सुटतं.